पायवर बनवलेला गेमचा डबा: रिमोट मध्येच सुटतो, गेम उघडून लगेच मिटतो

रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर रेट्रोपाय ही जुने गेम चालवणारी प्रणाली टाकून बनवलेल्या डब्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात त्या साधारण अशा (रिमोट म्हणजे इथे गेम खेळायचा बटणांचा गेमपॅड):

- खेळता खेळता रिमोट मेल्यासारखा होतो. काढून परत लावला की चालतो.
- मेनूत बटणं चालतात, गेममध्ये एकही चालत नाही.
- स्टार्ट दाबला की गेम थांबायच्या ऐवजी बंदच पडतो.
- काल पहिल्या खेळाडूचा असलेला रिमोट आज दुसऱ्याचा झालाय.
- एक बटण अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं, किंवा डावीकडे धावताना गडी मध्येच खाली बसतो.
- गेम निवडला की पडदा काळा होतो आणि चार-पाच सेकंदांत पुन्हा यादी समोर.
- गेम कार्डात टाकलेत, पण यादीत दिसत नाहीत.
- गेम चालतो, पण सगळं संथ आणि संगीत खर्जात.
- काल सेव्ह केलेलं आज गायब.

मी रत्नागिरीत राहते. घरचा, भावाचा, भाचीचा, शेजारच्या दोन घरांचा असे डबे मी जुळवले आणि त्यांची दुखणीही माझ्याकडेच येत राहिली. सगळे पाय ३बी+ किंवा पाय ४ वरचे, रेट्रोपाय ४.८ टाकलेले. पुढचं सगळं त्यालाच धरून आहे. तुमच्याकडे रिकलबॉक्स किंवा बाटोसेरा असेल तर मेनूंची नावं वेगळी दिसतील, पण तपासायचा क्रम हाच ठेवा.

सुरुवात करण्याआधी कळकळीची विनंती: कार्ड पुसून नवी इमेज, म्हणजे पूर्ण प्रणालीची तयार प्रत, टाकू नका. डबा माझ्याकडे येईपर्यंत बहुतेकांनी हे करून झालेलं असतं. रेट्रोपाय सेव्ह केलेले गेम रॉमच्याच, म्हणजे गेमच्या फाइलींच्याच, फोल्डरमध्ये ठेवतं, त्यामुळे कार्ड पुसलं की मुलांची महिनाभराची मेहनत जाते. दोष चार्जरमध्ये असेल तर तो नव्या इमेजवरही तसाच राहतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर बदलली, पोर्ट बदललं, बटणंही पुन्हा नेमली आणि मग डबा चालू लागला, तर कशाने चालू झाला ते कळत नाही. पंधरा दिवसांनी तीच तक्रार परत येते.

सगळ्यात आधी वीज

खेळताना टीव्हीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह लुकलुकतं का बघा. याला पैसा लागत नाही, डबा उघडावा लागत नाही, आणि रिमोट मध्येच सुटण्याच्या बहुतेक तक्रारी माझ्यापुरत्या तरी इथेच संपल्या आहेत. पायला ५ व्होल्ट लागतात. ते साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली घसरले की हे चिन्ह येतं.

रिमोटचा याच्याशी संबंध काय, असं मला दर वेळी विचारतात. यूएसबी पोर्टला मिळणारी वीज चार्जरच्याच ५ व्होल्टमधून जाते. मेनूत पाय निवांत असतो. गेममध्ये पडदाभर हालचाल सुरू झाली की तो जास्त वीज ओढतो, व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि रिमोटमधली चिप बंद होऊन पुन्हा सुरू होते. डब्याच्या दृष्टीने जुना रिमोट निघून गेला आणि नवा आला. चालू गेम मात्र जुन्याचीच वाट बघत बसतो. म्हणूनच काढून परत लावल्यावर कधी चालतो, कधी चालत नाही.

चिन्ह दिसलं नाही तरी खात्री करून घ्या. कीबोर्ड लावा, एफ-४ दाबून मेनूबाहेर या आणि काळ्या पडद्यावर 'vcgencmd get_throttled' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान, मधल्या अधोरेषेसकट टाइप करा. उत्तराच्या शेवटी नुसता शून्य असेल तर वीज ठीक आहे. ५०००० आलं तर डबा सुरू केल्यापासून कधीतरी वीज कमी पडून गेली आहे, आणि ५०००५ म्हणजे ती आत्ता, या क्षणी कमी पडते आहे. त्यामुळे ही आज्ञा डबा नुकताच सुरू केल्यावर देऊन उपयोग नाही. अर्धा तास खेळा, मग द्या.

पाय ३बी+ ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा आणि पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा चार्जर लागतो. 'पण माझा चार्जर तर फास्ट आहे' हे उत्तर मी खूपदा ऐकलंय. मोबाइलचा फास्ट चार्जर त्याची बरीचशी ताकद ९ किंवा १२ व्होल्टवर देतो, तीही फोनने मागितल्यावर. पाय तशी मागणी करत नाही. त्याच्या वाट्याला ५ व्होल्टवर जेवढं असेल तेवढंच येतं, आणि काही चार्जरमध्ये ते पुरत नाही. चार्जर बदलण्याआधी वायर बदलून बघा, कारण ती घरात पडलेली असते. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज वाटेतच मुरतं. मीटरभराची जाड वायर लावली आणि चिन्ह गेलं, असं मी अनेकदा पाहिलंय. चार्जर घ्यावाच लागला तर पायसाठीचा म्हणून विकला जातो तोच घ्या.

पाय ४ च्या अगदी पहिल्या, २०१९ च्या बोर्डांमध्ये टाइप-सी जोडणीत एक चूक होती. लॅपटॉपबरोबर येणाऱ्या काही भारी वायरी लावल्या तर ते बोर्ड सुरूच होत नाहीत. असा बोर्ड असेल तर साधी टाइप-सी वायर लावा.

वीज कमी असताना पुढची एकही तपासणी भरवशाची नसते. इथे शून्य आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पोर्ट, खेळाडूंचा क्रम आणि मोडचं बटण

रिमोट दुसऱ्या पोर्टमध्ये लावा आणि डबा नीट बंद करून पुन्हा सुरू करा. वायरीचं टोक हलवलं की सुटतो आणि पुन्हा लागतो, असं दिसलं तर दोष वायरीत आहे. यूएसबी हब मध्ये असेल तर तो काढून बघा. पायच्या चारही पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. त्यात हार्ड डिस्क लावली असेल तर रिमोटसाठी फार काही उरत नाही.

पहिला आणि दुसरा खेळाडू अदलाबदल होतात ते रिमोट ओळखले जाण्याच्या क्रमामुळे. मी पोर्टवर आणि रिमोटच्या पिनेवर एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका देते, आणि दोन्ही रिमोट डबा सुरू करण्याआधी लावायला सांगते. भाचीच्या घरची रोजची भांडणं यावर मिटली.

प्लेस्टेशनसारख्या दिसणाऱ्या स्वस्त रिमोटवर मधोमध 'अ‍ॅनालॉग' किंवा 'मोड' लिहिलेलं बटण आणि शेजारी लाल दिवा असतो. तो दिवा लागला की चार दिशांची बटणं डब्याला वेगळ्या भाषेत बोलू लागतात. दिवा बंद असताना नेमलेली बटणं दिवा लागल्यावर चालत नाहीत. मुलांच्या हातून हे बटण सहज दाबलं जातं. एटबिटडू कंपनीच्या बिनवायरी रिमोटचंही असंच आहे. स्टार्टबरोबर बी दाबून चालू केला तर तो एका नावाने ओळखला जातो आणि स्टार्टबरोबर एक्स दाबून चालू केला तर दुसऱ्याच. ज्या पद्धतीने बटणं नेमलीत त्याच पद्धतीने तो दर वेळी चालू करायला हवा.

बटणं पुन्हा नेमणे

स्टार्ट दाबताच गेम मिटत असेल तर हॉटकी, म्हणजे दुसऱ्या बटणाबरोबर धरून ठेवायचं बटण, नेमलेली नाही. बटणं नेमताना यादीच्या अगदी शेवटी हॉटकीचा प्रश्न येतो आणि तोवर कंटाळलेला माणूस तो ओलांडून जातो. हॉटकी असली की सिलेक्ट धरून स्टार्ट दाबल्यावरच गेम बंद होतो, सिलेक्ट आणि उजवं खांद्याचं बटण दाबलं की सेव्ह होतो, सिलेक्ट आणि डावं दाबलं की सेव्ह केलेलं परत उघडतं. हॉटकीच नसेल तर ही सगळी कामं एकट्या बटणावर होऊ लागतात: स्टार्टने गेम मिटतो, बीने पहिल्यापासून सुरू होतो. गेम खराब आहे असं समजून लोक तो काढून टाकतात.

मेनूत स्टार्ट दाबा, 'कॉन्फिगर इनपुट' निवडा आणि सगळी बटणं नव्याने नेमा. रिमोटवर नसलेलं बटण विचारलं तर कुठलंही बटण दाबून धरलं की ते वगळलं जातं. शेवटी हॉटकी म्हणून सिलेक्ट द्या.

मेनूत रिमोट चालतो पण गेममध्ये नाही, ही तक्रार यालाच लागून आहे. मेनू दाखवणारं इम्युलेशनस्टेशन आणि बहुतेक गेम चालवणारं रेट्रोआर्क हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत. दोघांच्या नोंदी वेगळ्या फाइलींत असतात, आणि रेट्रोआर्कची नोंद रिमोटच्या नावाने ठेवली जाते. अडचण अशी की बाजारातल्या कितीतरी स्वस्त रिमोटचं आतलं नाव नुसतं 'यूएसबी गेमपॅड' असतं. वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले दोन रिमोट बाहेरून वेगळे, बटणांचा आतला क्रमही वेगळा, पण नाव एकच. दुसरा नेमला की पहिल्याची नोंद पुसली जाते, पहिला दुरुस्त केला की दुसरा बिघडतो. भावाच्या डब्यात मी या चक्रात तीन रविवार घालवले. यावर मला पटलेला एकच उपाय आहे: एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून, एकसारखे दोन रिमोट घ्या.

नोंदींचा फारच गोंधळ झाला असेल तर रेट्रोपाय सेटअपमध्ये 'कॉन्फिगरेशन अँड टूल्स', त्यात 'इम्युलेशनस्टेशन', आणि तिथून रिमोटच्या सगळ्या नोंदी पुसून पहिल्यापासून नेमता येतं. गेम आणि सेव्ह यांना याचा धक्का लागत नाही.

ब्लूटूथचा रिमोट अडखळत असेल तर आधी तो पूर्ण चार्ज करा. मग वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. पायवर वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर, एकाच अँटेनावर चालतात आणि २.४ गिगाहर्ट्झवर दोघांची ओढाताण होते. डबा पूर्ण धातूचा असेल तर झाकण काढून बघा. पाय ४ च्या निळ्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क असेल तर तीही काढून बघा, यूएसबी ३ चा त्रास याच पट्ट्यात होतो.

गेमच्या तक्रारी

यादीत गेम दिसत नसेल तर तीन गोष्टी बघा. तो त्याच्या मशिनच्या फोल्डरमध्ये आहे का, फाइलच्या नावाचं शेपूट त्या मशिनला चालणारं आहे का, आणि गेम टाकल्यावर इम्युलेशनस्टेशन पुन्हा सुरू केलं का. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते.

पडदा काळा होऊन यादी परत येत असेल, तर गेम कुठल्या मशिनचा आहे त्यावर कारण ठरतं.

आर्केडचे, म्हणजे पूर्वी नाणं टाकून खेळायचे गेम असतील तर झिप फाइल उघडू नका आणि तिचं नावही बदलू नका. इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशिनची नक्कल करून गेम चालवणारा कार्यक्रम, ते नाव आणि आतल्या फाइली जशाच्या तशा शोधतो. शिवाय प्रत्येक आर्केड इम्युलेटरला एका ठरावीक पिढीचा संच लागतो. मेम २००३ ला ०.७८ चा, मेम २०१० ला ०.१३९ चा, मेमफॉरऑलला ०.३७बी५ चा. एकाला चालणारी झिप दुसऱ्याला चालेलच असं नाही. निओ-जिओ या आर्केड मशिनच्या गेमबरोबर 'निओजिओ' नावाची वेगळी झिपही हवी, ती नसेल तर त्या मशिनचा एकही गेम उघडणार नाही.

प्लेस्टेशनच्या गेमसाठी बायोसची, म्हणजे मूळ मशिन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, फाइल लागते. ती बायोस नावाच्या फोल्डरमध्ये हवी, आणि नावात लहान-मोठी अक्षरं नेमकी हवीत, कारण डब्यातली मूळ प्रणाली, लिनक्स, मोठ्या आणि लहान अक्षरांना वेगळं मानते. इथे फसवणूक होते ती अशी की बायोस नसला तरी पीसीएसएक्स-रीआर्म्ड (प्लेस्टेशनचा इम्युलेटर) स्वतःच्या तात्पुरत्या बायोसवर काही गेम चालवून दाखवतं. म्हणून चार गेम चालतात, पाचवा अडकतो, आणि दोष पाचव्या गेमच्या माथी मारला जातो. क्यू आणि बिन अशा जोडीने येणाऱ्या गेममध्ये बिनचं नाव बदललं असेल तर क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आत जुनंच नाव लिहिलेलं दिसेल. ते नव्याशी जुळवा.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला लावायचे जे व्हिडिओ गेम घरोघरी होते, ते बहुतेक जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि त्यांच्या कॅसेटला ६० पिना असायच्या. स्वतःच्या जुन्या कॅसेटमधून गेम उतरवून घेणारे काहीजण मला माहीत आहेत, आणि तो मार्ग मला आवडतो. त्या कॅसेटमध्ये मेमरीची पानं उलटणारं सर्किट, ज्याला मॅपर म्हणतात, अनेकदा मूळ कंपनीचं नसायचं. फाइलच्या सुरुवातीच्या १६ बाइटमध्ये मॅपरचा क्रमांक चुकीचा असेल तर नुसता राखाडी पडदा येतो. गेम सुरू होताना मधला चौकोन दिसतो तेव्हा कुठलंही बटण दाबा. मेनू उघडेल. नेस्टोपिया हा इम्युलेटर निवडलेला असेल तर त्या गेमपुरता एफसीईयूएमएम हा दुसरा करून बघा, त्याला असे विनापरवाना मॅपर जास्त ओळखता येतात. त्या काळची बंदूक मात्र आजच्या सपाट टीव्हीवर चालणार नाही. तिला जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवरचा प्रकाशच लागतो.

गेम जुना म्हणजे हक्क संपले, असं नाही. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स आजही निन्टेन्डोच्या मालकीचा आहे. कुणी तयार गेम भरलेलं कार्ड विकत आणलं असेल तर ते मी दुरुस्त करत नाही. कायद्याचा प्रश्न आहेच, आणि त्या कार्डांतल्या फाइली कुठून, कशा आल्या हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे दोष शोधणंही अशक्य होतं.

संथ गेमच्या बाबतीत फाइलच्या नावात 'युरोप' आहे का बघा. युरोपातले गेम सेकंदाला ५० चित्रांचे, जपान-अमेरिकेतले ६० चे. ६० ची सवय असलेल्या कानाला ५० चं संगीत लगेच बोजड लागतं. तो गेम बिघडलेला नाही. निन्टेन्डो ६४ चे गेम पाय ३बी+ वर अडखळतात, तिथे त्या बोर्डाची कुवतच संपते. सुरुवातीला ठीक आणि वीस मिनिटांनी संथ होत असेल तर गरम होतंय. ८० अंशांच्या पुढे पाय स्वतःहून वेग कमी करतो. पंखा किंवा हीटसिंक लावा.

सेव्ह गायब होण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. गेमच्या आतून केलेलं सेव्ह रेट्रोआर्क गेम बंद करतानाच कार्डावर लिहितं. मुलं सेव्ह करतात आणि थेट भिंतीवरचं बटण बंद करतात. आधी सिलेक्ट-स्टार्टने गेममधून बाहेर, मग मेनूतून शटडाउन, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मग भिंतीवरचं बटण. मी हा क्रम डब्यावर चिकटवून देते.

रिमोट उघडून साफ करणे

हे आता, इतक्या उशिरा सांगतेय, कारण स्क्रू एकदा उघडले की काही जण ते तसेच ठेवून देतात. रिमोट डब्यापासून सोडवा आणि मगच उघडा. आत हिरव्या पट्टीवर काळे ठिपके आणि त्यावर रबराची चादर असते. रबराच्या खालचा काळा कार्बन पट्टीवर टेकला की बटण लागतं. आमच्याकडे खाऱ्या हवेत, त्यात पावसाळ्यात, या ठिपक्यांवर चिकट थर बसतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्टी पुसा. रबराचा कार्बन मात्र फार हलक्या हाताने, कोरड्या कापडाने, कारण घासला तर तो निघून येतो. पंधरा मिनिटं वाळू द्या. डावीकडे जाताना गडी खाली बसत असेल तर दिशांच्या रबराखाली कचरा आहे का बघा. रबर एका बाजूने चेपलेलंच असेल तर नवा रिमोट घ्या, ते रबर पुन्हा सरळ होत नाही.

लाकडी पेटीत मोठी बटणं आणि जॉयस्टिक बसवली असेल तर मायक्रोस्विचच्या तीन पिना बघा. वायरी 'कॉम' आणि 'एनओ' वर हव्यात. 'एनसी' वर लागली तर बटण सतत दाबलेलं असल्यासारखं वागतं. दिशा उलट्या असतील तर लक्षात घ्या की दांडा वर ढकलला की खालचा स्विच दाबला जातो.

कार्ड

वीज ठीक, रिमोट ठीक, तरीही एकच गेम कधी उघडतो, कधी नाही, किंवा डबा सुरू होताना अक्षरांवर अडकतो, असं असेल तर कार्ड थकलंय किंवा खोटं आहे. रॉमचं फोल्डर सेव्हसकट दुसरीकडे उतरवून घ्या, ते झाल्याशिवाय काहीही करू नका. मग संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) या कार्ड तपासायच्या प्रोग्रामने कार्ड पूर्ण भरून तपासा. ६४ जीबी लिहिलेलं कार्ड आत कमीच निघालेलं मी पाहिलंय. नवी इमेज टाकायची वेळ येते ती इथे, नव्या कार्डावर.

इथे थांबा

बिनवायरी रिमोटची पाठ फुगलेली दिसली तर तो चार्जिंगवरून काढा आणि उघडू नका. आत फुगलेली लिथियमची बॅटरी आहे, तिला टोक लागलं तर आग लागू शकते. तो मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे न्या.

लाकडी पेटीत २३० व्होल्टचा पॉवर सप्लाय बसवला असेल आणि दोष त्याच्यात वाटत असेल, तर पिन काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या नळीचा टीव्ही कधीही उघडू नका. बंद करून ठेवला तरी आत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

पायच्या पिनांवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. हाताला सवय नसेल तर ते करू नका. ५ व्होल्टची पिन ३.३ व्होल्टच्या पिनेला अगदी खेटून आहे. मीटरच्या वायरीचं टोक घसरून त्या दोन जोडल्या गेल्या, तर ३बी+ चा बोर्ड त्या क्षणी जातो.

काहीही न जोडता बोर्ड चटका बसेल इतका तापत असेल, जळका वास येत असेल, किंवा पोर्ट बोर्डापासून उचकटलं असेल, तर बारीक सोल्डरिंग करणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे जा. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे असं काम करणारे मिळतात. निघण्यापूर्वी कार्ड काढून घरी ठेवा. दुरुस्तीवाल्याला ते लागत नाही आणि सेव्ह त्यातच आहेत. चार्जर आणि वायर मात्र बरोबर न्या, आणि काय काय तपासून झालंय ते कागदावर लिहून द्या.